जावयाने दाखवलेला समुद्रातला किल्ला

समुद्राला भरती येते हे मला शाळेपासून ठाऊक होतं. ती रोज येते, हे मात्र अलिबागला कळलं.

सासू-सासरे अहमदपूरहून पहिल्यांदाच समुद्र बघायला आले होते. मी कंधारचा, म्हणजे किल्ल्याशेजारीच वाढलेला! ओहोटीच्या ओल्या वाळूतून बायको धरून आम्ही चौघं चालतच समुद्रातल्या किल्ल्यात गेलो. दारातल्या माणसाने बजावलं, "लवकर परता, पाणी भरेल."

"आमच्या कंधारच्या खंदकातलं पाणी कधी हाललंय का, मामा?" मी सासऱ्यांना म्हणालो. "उगंच भेव घालून राहिलेत!" आणि प्रत्येक बुरुजावर व्याख्यान झोडलं. (बुरुज बरेच होते.)

बाहेर आलो तर वाट गायब! सगळीकडे लाटा.

"अगं बाई! वर कुठं धरणाचे दरवाजे उघडले का काय?" मामी, म्हणजे सासूबाई, किंचाळल्या.

जावयाला तोंडावर बोल लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे मामा माझ्या शेजारी उभे राहून लेकीला म्हणाले, "सुरेखा, इचार बरं तुझ्या मालकाला, आता कसं करायचं म्हन्तेत?"

"उतरंल की थोड्या वेळात," मी घाम पुसत म्हणालो.

"सुरेखा, त्यास्नी म्हनावं, वाढून राहिलंय!"

खरंच वाढत होतं. मी मामींचा हात धरून पाण्यात उतरलो. एक लाट आली आणि मामी डगमगल्या! आमच्यात कोणालाच पोहता येत नव्हतं. (अहमदपुरात शिकणार कुठे, बादलीत?) यांना काही झालं तर? त्यांना ओढत पुन्हा दारापाशी आणलं.

तेवढ्यात पाणी उडवत एक घोडागाडी आली. देवच भेटला!

"शेवटची फेरी!" गाडीवाला ओरडला. "तिघंच बसा. एकाने ओहोटीपर्यंत इथेच थांबायचं."

आता आली का पंचाईत!

"जावईबापू पाहुणे हायेत, त्यास्नी आधी न्या!" मामी काकुळतीने म्हणाल्या.

"हाव. सुरेखा, सांग त्यास्नी, मी थांबतो म्हनावं."

रिवाज असला तरी मलाही लाज आहे! "छे छे, मामा! मुळीच न्हाई! तुम्ही बसा, मी थांबतो!" मी ठणकावून सांगितलं.

"अहो, मग गाडीतून उतरा ना!" गाडीवाला म्हणाला.