भोंगा मॅडमची सही

ग्रंथालयात एवढ्या मोठ्याने बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या आम्हाला ग्रंथालयशास्त्र शिकवायच्या आणि त्यांचा आवाज जिन्यापासून ऐकू यायचा. मूळच्या ओझरच्या. वडील विमानांच्या कारखान्यात. "डोक्यावरून विमान गेलं तरी आमच्या घरात भांडण थांबायचं नाही, आवाज तेवढा चढायचा," असं त्या कौतुकाने सांगायच्या. पहिल्याच रविवारी त्यांनी भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी उलटी करून ठेवली आणि आम्ही त्यांचं नाव भोंगा मॅडम ठेवलं.

शाळेत ग्रंथपाल व्हायचं तर विद्यापीठाची ही पदवी हवी, म्हणून मी आणि माझी मैत्रीण रुखसाना दर रविवारी येवल्याहून एसटीने नाशिकला यायचो. अभ्यासक्रम भलताच सोवळा. पुस्तकाला कोणता वर्गांक द्यायचा, तालिकापत्रावर, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीच्या कार्डावर, लेखकाचं आडनाव कुठे, स्वल्पविराम कुठे. भोंगा मॅडम हे सगळं घाईघाईत उरकायच्या. "हे परीक्षेपुरतं. पुस्तक कपाटात कसं बसवायचं ते पुस्तकात लिहिलंय. बाहेर कसं काढायचं ते कुणी लिहिलेलं नाही, ते शिका," म्हणायच्या. आम्हाला मार्क हवे होते हो, आणि या बाईचं भलतंच.

खरा छळ प्रात्यक्षिकाचा. प्रत्येकाने एका शाळेच्या ग्रंथालयात काही महिने काम करायचं आणि अहवालावर मॅडमची सही घ्यायची. दुसऱ्या केंद्रांवर मुख्याध्यापकांचा शिक्का दाखवला की सही मिळत होती. आमच्या बाईंची अट वेगळी. त्या स्वतः शाळेत येणार आणि त्यांच्यासमोर एका तरी पोराने आपणहून 'मला ते पुस्तक द्या' म्हणायला हवं. नाही तर सही नाही. मी जिथे प्रात्यक्षिक करत होते त्याच शाळेत ग्रंथपालाची जागा रिकामी होती आणि जूनच्या आत पदवी आणलीस तर बघू, असं संस्थेने सांगितलं होतं. सासरी तर नोकरी लागल्यासारखंच धरून चालले होते. आता माझं सगळं गाडं कुठल्याशा पोराच्या लहरीवर येऊन अडलं. नाशिकच्या द्वारका चौकात परतीच्या गाडीची वाट बघत, त्या गोंगाटात, रुखसाना म्हणायची, "बाई लय खडूस हे." मी जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शाळेतलं कपाट कायम कुलुपात. पुस्तक हरवलं तर तपासणीत उत्तर कोण देणार, म्हणून चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. हातापाया पडून ती मिळवली आणि दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. शाळेत असंच करतात, पुस्तक टिकतं. नणंद खळ लावायची, मी पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून नंबर घालायचे. कपाट पोलिसांच्या परेडसारखं दिसायला लागलं. मुख्याध्यापक खूश झाले, आणि खरं सांगते, मीही झाले होते.

मॅडम आल्या. पाचवीची मुलं कपाटासमोर रांगेत उभी केली होती. कुणी तोंड उघडेना. शेवटी मॅडमनीच एका मुलीला विचारलं, कोणतं हवं? ती म्हणाली, "कोणतंबी द्या. सगळी सारखीच हायेत."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "येवल्याची ना तू? तुमच्याकडे पैठणी खाकी कागदात गुंडाळून दाखवतात का गिऱ्हाइकाला?"

पैठणीला पोरांचे तेलकट हात लावू देतात का, हे मला विचारायचं होतं. पण तेवढ्यात त्यांनी एका पुस्तकाचं कव्हर टर्रकन फाडलंसुद्धा. आतून पट्ट्यापट्ट्यांचा वाघ निघाला. मग त्यांनी पोरांना सांगितलं, काढा सगळी. पोरं तर अशा कामाला टपलेलीच असतात. माझी सगळी दिवाळी जमिनीवर पडली आणि मी व्हरांड्यात जाऊन रागाने रडले. सही गेली, नोकरी गेली, आणि वर या बाईने माझं हसं केलं.

मागून कुणीतरी ओढणी ओढली. तीच मुलगी होती. "बाई, तो वाघ मला द्या ना."

मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर अहवाल ठेवून सही केली. "रडून झालं की पुस्तकं द्यायला लाग," म्हणाल्या. कव्हरं नकोत हे आधीच का नाही सांगितलं, असं मी चिडून विचारलं, तर म्हणतात, "सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?" आभार मी मानले नाहीत. त्या वाघाची पाठ वर्षभरात उसवली, हेही इथे सांगून ठेवते. माझंही अगदीच चुकत नव्हतं.

नोकरी लागली. पण शाळेत ग्रंथपाल म्हणजे रिकामा माणूस, असं सगळे धरून चालतात. कुणी रजेवर गेलं की त्याचा तास मी घ्यायचा, ऑनलाइन माहिती मी भरायची. ग्रंथालयाच्या खोलीत मोडके बाक आले आणि माझं कपाट जिन्याखाली गेलं. जीव नुसता उबगतो. मी मॅडमना फोन करून रडगाणं गायचे. त्या ओरडायच्या, "कुरकुर कर, पण कपाट उघडून कर."

पुढे विद्यापीठाने प्रात्यक्षिकच गुंडाळलं. आता शिक्का मारलेला अहवाल आणि दोन फोटो पाठवले की झालं. मॅडम बैठकांमधून भांडल्या. कोरड्या विहिरीत पोहायला शिकवताय, म्हणाल्या. त्यांना शिकवायला बोलावणंच बंद झालं. मी ओझरला भेटायला गेले तेव्हा त्या चक्क हळू बोलत होत्या, आणि मला ते मुळीच सहन झालं नाही. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. आमच्या ग्रुपवर ओळीने 'ॐ शांती' पडायला लागलं. अरे, कुणाला शांती देताय? जिने जन्मभर ती पाटी उलटी केली तिला? मी ग्रुपच सोडला.

परवा हीच पदवी करणारी निफाडकडची एक मुलगी आली. अहवाल तयार होता. कपाटापुढे माझ्यासोबत फोटो हवा होता आणि खाली सही, शिक्का. "सगळेच देतात, मॅडम," म्हणाली.

"एका पोराने येऊन तुझ्याकडे पुस्तक मागितलं पाहिजे. माझ्यासमोर. मग सही," मी म्हणाले. शेजारच्या वर्गातल्या बाई दारातून डोकावल्या, तेव्हा कळलं की मी केवढ्याने बोलले.

मुलगी तोंड पाडून निघाली. शाळेच्या फाटकापाशी ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाय दिली सही. बाई लय खडूस हे. उद्या परत यावं लागंल."

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले आणि उद्या मी कुणाचाही तास घेणार नाही, मला ग्रंथालयाचं काम आहे, असं सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं.