खडूची रेघ

बोरिवलीहून बोटीने गोराईला उतरलं की समुद्राला लागून एक खडा डोंगर आहे. तिथे दगडांवर नावं खरडणाऱ्यांशी मी दर रविवारी भांडतो. ‘डोंगर सगळ्यांचा आहे’ अशी पत्रकंही वाटतो. एकदा पायथ्याजवळच साठीतला एक माणूस दगडावर पांढरी रेघ ओढताना दिसला. मी भडकलो.

“काका, ही काय तुमच्या घरची भिंत आहे?”

त्याने पांढरी झालेली बोटं दाखवली. “खडू आहे रे. हृदयाचं ऑपरेशन झालंय. जिथे दम संपतो तिथे रेघ, पुढच्या रविवारी तिच्या वर जायचं. पावसात सगळं पुसून जाईल. तोवर मी वरून समुद्र बघितलेला असेल.”

रेघा वर सरकत गेल्या, कधी वीस पावलं, कधी दोनच. कुणी जवळ आलं की छातीवरचा व्रण झाकायला तो शर्टाचं वरचं बटण लावायचा.

मे महिन्यात तो माथ्यावर भेटला. समोर समुद्र, वाऱ्याने शर्ट फुगलेला, बटण उघडं.

“झकास ना?” मला बघूनही त्याने बटण लावलं नाही.

उतरताना तो रुमालाने एकेक रेघ पुसत होता आणि मी बाटलीतलं पाणी ओतत होतो. सगळ्यात खालच्या रेघेपाशी त्याने माझा हात धरला.

“ही राहू दे, पाऊस पुसेल. त्या दिवशी वाटलं होतं, आपलं एवढंच.”

पिशवीत माझी पत्रकं होती. मी बाटलीचं झाकण लावलं.