लाभ, दोन, तीन

माणगावची एसटी सुटायला आली तरी बाबा खिडकीखालून हलेनात. दिवेआगर सोडून मी पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकायला निघाले होते. वादळाने आमची वाडी आडवी केली होती आणि नव्या माडांची रोपं जेमतेम गुडघ्याला लागत होती. आईने पिशवीत नारळाच्या वड्या कोंबल्या. बाबा एवढंच म्हणाले, "कळलं न्हाय तर इचार, बाय. गप बसू नको. आन् न्हायच जमलं तर ये परत. वाडी हाय." हा धीर होता की धमकी, ते मला ताम्हिणी घाट ओलांडेपर्यंत ठरवता आलं नाही.

विचार म्हणाले खरं, पण काय विचारायचं हे कळायलाही थोडंफार कळावं लागतं! दुसऱ्या वर्षाला असेंब्ली लँग्वेज आली आणि माझी दांडी गुल झाली. मेमरीत ओळीने घरं असतात, कुठल्या घरातून काय उचलायचं ते मशीनला एकेक पायरीने सांगायचं, इथवर ठीक होतं. पण या ओळीतल्या, म्हणजे ॲरेतल्या, पहिल्या घराचा नंबर, म्हणजे इंडेक्स, म्हणे शून्य म्हणायचा.

आमच्याकडे नारळाच्या ढिगासमोर कुणी शून्य म्हणालं तर पाठीत धपाटा बसेल. लहानपणी बाबांनी मला जवळ बसवून शिकवलं होतं, "आपल्यात पयल्या नारळाला एक न्हाय म्हणत. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन." हातात भरला नारळ असताना त्याला शून्य कसं म्हणायचं? घरांतल्या संख्यांची बेरीज करताना माझा हात सवयीने एकपासूनच सुरुवात करायचा. मग पहिली संख्या बेरजेतून सुटायची आणि शेवटी मेमरीतला भलताच कचरा आत यायचा. बाकीची मुलं 'सिंपल आहे यार' म्हणायची. मी मान डोलवायची आणि हॉस्टेलवर येऊन रडायची.

एकदा नापास झाले. पुन्हा झाले तर वर्ष जाणार होतं आणि मी परत वाडीत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं विचारलं, "ॲरेतल्या पहिल्या घटकाचा इंडेक्स किती?"

माझ्या तोंडून निघालं, "लाभ."

"काय?" सरांनी विचारलं. मग मी घाबरत घाबरत नारळाची सगळी हकिगत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "बरं, मग इथे लाभ म्हणजे किती?"

"शून्य," मी म्हणाले. पास झाले. आनंद झालाच, पण लाभाला शून्य म्हटल्याची रुखरुख दिवसभर गेली नाही.

आता मी बेंगळुरूला असते. कंपनीतल्या कामात दिवसभर शून्यापासूनच मोजते, त्याचं काही वाटेनासं झालंय. यंदा वादळानंतर लावलेल्या माडांचे पहिले नारळ उतरवले, म्हणून मुद्दाम सुट्टी काढून गेले. अंगणात लहानसा ढीग होता. बाबांची कंबर धरली होती. ते म्हणाले, "यंदा तू मोज, बाय."

घरात हा मान बाबांशिवाय कुणाला मिळाला नव्हता. मी खाली बसले, पहिला नारळ उचलला आणि म्हणाले, "झिरो."

आई दारातच थांबली. बाबांनी तो नारळ माझ्या हातातून अलगद काढून ढिगावर परत ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त कुतूहलाने विचारलं, "तुमच्यात असंच मोजत्यात काय?"

तुमच्यात.

इकडच्या परीक्षेत तोंडातून लाभ निघतो, तिकडच्या अंगणात झिरो. माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचं काय होतं? घर कुठलं, याचं उत्तर मला विचारू नका, खरंच कळत नाही. तिथे बसल्या बसल्या इतकंच कळलं, की बाबांच्या तोंडून पुन्हा 'आपल्यात' ऐकायला मी काहीही करीन.

मी तोच नारळ पुन्हा उचलला. "लाभ," म्हणाले. बाबांनी दुसरा नारळ माझ्या हातात दिला आणि माझ्याबरोबर म्हणाले, "दोन."