एकोणीसचा पाढा

तात्या गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, मिरजगावच्या राहत्या घरी वारले. वय एकोणऐंशी. फोन काकूंनीच केला. "तुझे तात्या गेले," एवढंच म्हणाल्या आणि मग, "पेटी अंगनातच हाय…"

तात्या माझे चुलते. हायवेलगत चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीतली लग्नं, बारशी, दहावीच्या फॉर्मवरचे चेहरे त्यांनी टिपले. काकूंचा एकटीचा फोटो मात्र एकही नव्हता. रोल गिऱ्हाइकाचा, असं ते म्हणत. पुढे स्टुडिओ बंद झाला आणि काचबिंदूने नजर जाऊ लागली. उरलेली किती टिकेल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात तात्यांनी सागवानी पेटी करायला घेतली. काकूंचा फोटो काढायचा होता.

पेटीला पुढे जुन्या कॅमेऱ्याचं भिंग, बाजूला काळ्या कापडाची बाही. आत दोन ट्रे, एकात चित्र उमटवणारा डेव्हलपर, दुसऱ्यात ते पक्कं करणारा हायपो. फोटो फिल्मवर नाही, थेट फोटोच्या कागदावर काढायचा आणि बाहीतून हात घालून आतल्या अंधारात तिथेच धुवायचा. "हितं डोळ्याचं कामच न्हाई," ते म्हणाले. घड्याळही दिसत नव्हतं, म्हणून वेळ पाढ्याने मोजायची. एकोणीसचा पाढा सावकाश, दोनदा. मग कागद हायपोत.

पहिला कागद बाहीच्या शिवणीतून उजेड शिरून वाया गेला. दुसऱ्या वेळी दुपार होती, मीही तिथेच होतो. लिंबाची सावली अंगणात हळूहळू सरकत होती, तात्यांचे डोळे मिटलेले, हात कोपरापर्यंत पेटीत, ओठ हलताहेत… आणि ते अडकले. "एकोणीस साता… एकोणीस साता…"

"एकशे तेहतीस!" काकू खुर्चीतून म्हणाल्या.

"तू हलू नको गं!"

"फोटू कवाच काढून झालाय की. मास्तर असते तर अंगठे धरून उभं केलं असतं तुमाला."

दोघंही हसत राहिले. तोवर डेव्हलपरमध्येच राहिलेला कागद काळाठिक्कर पडला.

तिसऱ्या वेळी निगेटिव्ह जमली. तात्यांनी ओला कागद माझ्यापुढे धरला. "कशी आलीय?" तोवर त्यांना फक्त उजेड कळत होता. कागदावर सगळं उलटं होतं. लिंबाची सावली पांढरी, काकूंचे पांढरे केस काळेभोर. मी तसं सांगितलं.

"लग्नात हुते तसे," तात्या म्हणाले.

ती निगेटिव्ह भिंगासमोर लावून पुन्हा एक फोटो काढला, की चित्र सुलटं होतं. पण काकूंनी कागद काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. परत म्हातारी करताय व्हय मला?"

त्यानंतर तात्या रोज सकाळी पेटी अंगणात मांडून विचारत, "आज सुलटी करू का?" काकू म्हणत, "उद्या."

तेराव्यानंतर मी पुन्हा मिरजगावला गेलो. पेटी लिंबाखाली तशीच होती. काकूंनी कपाटातून निगेटिव्ह आणली. "त्यांचं अर्धं ऱ्हायलंय. कर सुलटी."

निगेटिव्ह समोर लावून मी फोटो घेतला, बाहीत हात घातला, डोळे मिटले. काकू खुर्चीत बसून पाढा म्हणू लागल्या, सावकाश… एकोणीस साता एकशे तेहतीस. दोनदा म्हणाल्या.

फोटो स्वयंपाकघराच्या दारावर, खिळ्याला लावला आहे. त्यात काकूंचे केस पांढरे आहेत.