डावा सांधा

माझी शेवटची पोस्टिंग बनारस कँटोन्मेंटला झाली. रँक सुभेदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. अर्धी नोकरी बर्फात ट्रकांखाली पडून काढली होती, म्हणून घरचे म्हणाले, आता गंगाकाठी आराम. आराम कसला! सकाळी पीटी, आठला वर्कशॉप, संध्याकाळी रोल कॉल, आणि मधल्या वेळात गंगा बघायची. मी साताऱ्याकडचा माणूस. मला नदीच्या आधी तिच्यावरचा पूल दिसतो.

युनिटच्या मैदानाच्या मधोमध शहीद स्मारक होतं. चौथरा, त्यावर काळा दगड, दगडावर नावं. त्यात एक नाव कॅप्टन माधव यांचं. त्यांचे वडील बनारसचेच. रामघाटावर पिढ्यान्‌पिढ्या वेद शिकवणारं मराठी घराणं, त्यातले हे नानागुरुजी. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. मुलाची जुनी पांढरी मोटार ते स्वतः चालवत. रामघाटाच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे मोटार कुठली जाते? ती मैदागिनच्या चौकात एका ओळखीच्या मिठाईवाल्याच्या आवारात उभी असे. गुरुजी काठी टेकत तिथवर येत आणि रोज सकाळी गाडीने स्मारकावर जात. त्या वेळी आमची सगळ्यांची पीटी पलीकडच्या मैदानावर चालू असे, त्यामुळे गाडी वाजते की गाते हे कोणाला ठाऊक नव्हतं.

स्मरणदिन सोमवारी होता. जनरल साहेब येणार होते. शुक्रवारी पीटीऐवजी रंगीत तालीम ठेवली. बिगुल झाला, मौन सुरू झालं, आणि स्मारकामागून आवाज आला. कट्-कट्-कट्-कट्.

रेडिओ सेट बोलू लागला.

"कंट्रोल, गेट. फायरिंग की आवाज़. ओव्हर."

"गेट, कंट्रोल. किधर से? ओव्हर."

"मेमोरियल की तरफ से. ओव्हर."

क्विक रिॲक्शन टीम धावत आली. एका नव्या जवानाने तोवर शेवंतीच्या कुंडीमागे पोझिशन घेतली होती. सेटवर पुन्हा खरखर झाली.

"कंट्रोल, गेट. पंडितजी की गाड़ी है. ओव्हर अँड आउट."

आमच्या युनिटचे प्रमुख, सीओ साहेब, पंजाबचे. मनाने चांगले, पण जनरल येणार म्हटलं की कर्नलचाही कॅडेट होतो. त्यांनी मला बोलावलं.

"सुभेदार साब, मंडे तक या तो आवाज़ बंद, या गाड़ी गेट के बाहर. पंडितजी के लिए मैं जीप भेज दूँगा."

हा निरोप मीच गुरुजींना दिला. ते गाडीत बसूनच ऐकत होते.

"जीप माधवची आहे का?"

"नाही."

"मग मला काय कामाची? ही गाडी आत आली नाही तर मीही नाही येणार."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली होती, आणि मला वाईट वाटलं.

गाडी वर्कशॉपला घेतली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत एक दांडा इंजिनची ताकद चाकापर्यंत नेतो. चाकाला फिरायचंही असतं आणि वळायचंही, म्हणून दांड्याच्या टोकाला सांधा असतो: वाटीत खोबणी, खोबणीत पोलादी गोळ्या. वर रबरी बूट, आत काळं ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर येतं, धूळ आत जाते, आणि वळताना सांधा कट्-कट् वाजायला लागतो. उघडून पाहिलं तर डावा सांधा पार झिजलेला. उजवा मात्र कोऱ्यासारखा. एकाच गाडीचे दोन सांधे, एक म्हातारा आणि एक पोरसवदा, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"गुरुजी, गाडी नेता कुठे?"

"कुठे नेणार? मैदागिनहून इथे, इथून मैदागिनला. बस्स."

"आणि इथे आल्यावर?"

"प्रदक्षिणा. अकरा. पहले चालत घालत होतो. आता गुडघे जवाब देऊन गेले, म्हणून गाडीने."

"दाखवा."

त्यांनी दाखवलं. पहिला गिअर, स्टिअरिंग उजवीकडे जाईल तितकं, आणि पाय असा दाबलेला की समोर घाट चढायचा आहे. चौथऱ्याला खेटून गाडी गरगर फिरत होती. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. वर्षानुवर्षं रोज अकरा फेऱ्या! तो सांधा इतका टिकला हीच देवाची कृपा.

मला वाटलं, उपाय सोपा आहे.

"गुरुजी, उद्यापासून उलट्या बाजूने फिरा. डाव्याला विश्रांती मिळेल."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"सुभेदार, उलटी प्रदक्षिणा कोणाला घालतात?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"चितेला. एकदा घातली आहे. आता पुन्हा नाही घालणार."

टोपी सारखी करून मी वर्कशॉपला आलो.

नवा सांधा बाजारात मिळेना. ते मॉडेल कधीच बंद झालं होतं. मिळणारा डुप्लिकेट माल श्रावणात बसवला तर गणपतीपर्यंत टिकला असता. मग रविवारी माझ्या हाताखालच्या नाईक यादवला घेऊन मी गाडी जॅकवर चढवली. गाडी पुढे जाताना गोळ्या खोबणीची एकच कड दाबतात. तीच झिजते, दुसरी शाबूत राहते. डावा सांधा काढून उजवीकडे बसवला की तो उलटा फिरतो आणि भार शाबूत कडेवर येतो. जुन्या गाडीचं आयुष्य असंच वाढवायचं असतं. दोन्ही सांधे धुतले, अदलाबदल केली. राहिलं ग्रीस आणि नवे बूट.

गुरुजी बाजूला खुर्ची टाकून बसले होते. मी ग्रीसचा डबा उघडला तसे ते ताठ झाले.

"यात चरबी तर नाही?"

या देशात फौजेच्या माणसाने हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मी नीट सांगितलं, "नाही गुरुजी. याची बैठक एरंडेलाची आहे."

"एरंडेल! अहो, सांध्यांना त्यासारखं दुसरं नाही." त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "मतलब, माझ्या गुडघ्यालाही चालेल का?"

"पंडितजी, फिर तो आपको भी जैक पे चढ़ाना पड़ेगा," यादव म्हणाला.

गुरुजी इतके हसले की काठी खाली पडली. शेवटी मी त्यांना वाहन चालवायचा विधी सांगितला. वर्तुळ मोठं घ्यायचं, पाय हलका ठेवायचा, वळताना जोर द्यायचा नाही. विधी म्हटल्यावर त्यांनी तो एका फटक्यात पाठ केला.

सोमवारी सात पंचावन्नपर्यंत प्रदक्षिणा आटपायचं ठरलं होतं. पण वाटेत एक वरात आडवी आली आणि गुरुजींना उशीर झाला. आठला बिगुल वाजला तेव्हा ते अजून फिरत होते. मौन सुरू झालं. सीओ साहेबांनी मान न हलवता माझ्याकडे पाहिलं. गाडी जनरल साहेबांच्या मागून गेली, वळली, पुन्हा आली. टायरखाली वाळू चिरडल्याचा आवाज तेवढा येत होता. सांधा काही बोलला नाही. अकरावी फेरी संपवून गाडी चौथऱ्याशी थांबली.

मग ॲडज्युटंट नावं वाचू लागले. "कॅप्टन माधव."

गाडीचा हॉर्न वाजला. एकदाच, पण दणदणीत.

बिगुलर दचकला. जनरल साहेबांनी सीओंकडे पाहिलं. सीओ साहेबांनी समोर बघत खाडकन सॅल्यूट केला. जनरल साहेबांनीही केला. मग सगळ्या अधिकाऱ्यांचे हात वर गेले, आणि ते खाली येईपर्यंत ॲडज्युटंट पुढचं नाव वाचायला थांबले.

परेड सुटल्यावर मी गाडीपाशी गेलो.

"गुरुजी, हॉर्न?"

"हात लागला," ते म्हणाले.

मी बरं म्हटलं, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. मला रडू फुटलं होतं आणि जवान बघत होते.

गुरुजी गेले तेव्हा मी पेन्शनीवर साताऱ्याला आलो होतो. यादवने फोन करून सांगितलं. सांधे शेवटपर्यंत वाजले नाहीत, हेही त्याने सांगितलं. कॅप्टन माधवांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचे वडील त्यांच्याभोवती फिरताना पाहिले. अजूनही स्मरणदिनाला सकाळी आठ वाजता मी अंगणात सावधान उभा राहतो आणि दगडावरची नावं म्हणतो. त्यांचं नाव जरा मोठ्याने.