लेकीची आनंदाची बातमी आणि माझं इन्स्पेक्शन

मंडळी, तासाभरापूर्वीची गोष्ट आहे आणि अजून जीव थाऱ्यावर नाही.

सकारात्मक मानसशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. स्वतः वाचून शिकलो, आणि नीट शिकलो. आज सकाळीच टाउनशिपच्या क्लबात सांगितलं की कुणी आनंदाची बातमी आणली तर आधी त्याला ती पूर्ण सांगू द्या, कसं वाटलं ते विचारा, शंका नंतर काढा. त्यानेच नातं घट्ट होतं.

दुपारी मुलगी धावत आली. "बाबा, पुण्याची नोकरी मिळाली."

मी म्हणालो, "प्रोबेशन किती महिन्यांचं? बाँड आहे का?"

कारखान्यात माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शनला गेली. समोर आलेल्या जॉबमध्ये, म्हणजे तयार सुट्या भागात, आधी खोट शोधायची, नसली तरच पास.

"शेवटच्या राउंडला काय गंमत झाली ते तरी ऐका."

"ऐकतो, आधी लेटर दाखव."

तिने मोबाइल माझ्या हातात ठेवला. "घ्या, चेक करा. मी काय गोविंदपुऱ्याच्या वर्कशॉपांतून तुमच्या कारखान्यात आलेला माल आहे?" आणि आत गेली.

लेटर बिनचूक आहे. पण स्वयंपाकघरात ती आईला सगळं सांगतेय, मुलाखत घेणाऱ्या साहेबांच्या नकला करून, आणि दोघी हसताहेत. मी बाहेर येरझारा घालतोय. दाराशी गेलो की दोघी गप्प होतात.

पुढच्या महिन्यात ती जाईल. मग कुठली बातमी कुणाला सांगायची, हे तीच ठरवणार.

खरं सांगा, तुम्ही एकदा न ऐकलेली गोष्ट तुमच्या मुलांनी तुम्हाला पुन्हा सांगितली आहे का?