रिकाम्या भांड्यांना कल्हई

सर्व संबंधितांस आणि असंबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरात एकदा देवाची परीक्षा घेण्यात आली आणि पेपर अवघड असूनही देव पास झाला. आमच्या वडिलांचं मात्र शेवटच्या क्षणापर्यंत काही खरं नव्हतं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि उदगीरकडच्या आमच्या गावात पाण्याचा ठणठणाट होता. टँकर जुन्या जिल्ह्याकडे मागायचा की नव्या, यावर पारावर रोज भांडणं. विहिरीत पोहरा सोडला की वर गाळ यायचा. अशात ताईचं लग्न. नवरदेव नांदेडचा. दारात विहिणीचे पाय धुवायला पाणी नसेल, तर वऱ्हाड तिथूनच माघारी फिरणार, हे मला शेंबड्या वयातही कळत होतं.

मामा म्हणाला, "दाजी, नांदेडला निरोप धाडा. दिवाळीनंतर करू."

"मुहूर्त त्यानं दिलाय," वडिलांनी वर बोट केलं. "पाणीबी तोच बघंल. आन् पाण्याचं तिकडं कुणी बोलायचं न्हाई."

"आन् त्यानं न्हाई बघितलं तर?"

"तर माझी इज्जत जाईल. तुझं काय जातंय?"

आई यांच्यात पडलीच नाही. तिनं गल्लीतली झाडून सारी हंडी-पातेली गोळा केली आणि शेजारच्या कल्हईवाल्या चाचांना बोलावलं. चाचांनी भाता लावला, आजूबाजूला पाहिलं आणि हसू दाबत विचारलं, "भाभी, पानी कुठंय? वऱ्हाड काय कल्हई पिनार?"

"तुमी चकचकीत करा चाचा. भरनाऱ्याला आपली भांडी बघून लाज वाटली नाय पायजे."

चाचांनी मान हलवली, पण एकेक भांडं आरशासारखं केलं. अंगणात रांग लागली. वडील दिवसभर "भरवसा ठेवा, भरवसा ठेवा" असं सगळ्यांना बजावत फिरायचे आणि कुणी बघत नाहीसं पाहून हळूच हंड्यात हात घालून बघायचे. मी बघत होते. हात कोरडाच यायचा.

लग्नाच्या सकाळी ताईला हळद लागली, पण ती धुवायला पाणी कुठलं? ताईच म्हणाली, "मला हळदीसकट पाठवता का काय?" शेवटी तिचं न्हाणं तांब्याभर पाण्यात कसंबसं उरकलं. भरलेलं असं एकच भांडं उरलं, माझ्या हातातला करा. मी करवली. इतकी नटलेली आणि इतकी घाबरलेली करवली मराठवाड्यानं पाहिली नसेल. पाऊल टाकलं तरी आई ओरडायची, "हिंदकळलं बघ!"

ट्रकचा भोंगा ऐकू आला. आई परात घेऊन उभी. वाजंत्री सुरू झाली. ट्रक थेट मांडवाच्या दारात थांबला. मागे उभे असलेले वऱ्हाडी गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि त्यांच्या मधोमध ओली पोती बांधलेल्या कसल्यातरी अवजड वस्तू. आमच्या काही लक्षात येईना. वडील हात जोडून पुढे झाले. आता कबूल करण्याशिवाय इलाज नव्हता. "विहीणबाई, एक सांगायचं राहिलं..."

विहीणबाई शालू सावरत केबिनमध्ये बसलेल्या. त्यांचं माहेर आमच्याच भागातलं, जळकोटचं. आमच्याकडचा दुष्काळ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पहाटे नांदेडजवळ विष्णुपुरीला ट्रक उभा करून त्यांनी गोदावरीचं पाणी पिपांत भरून घेतलं होतं. मुलीकडच्यांच्या दारात पाणी घेऊन जायचं म्हणजे त्यांचा अपमान. व्याही चिडले, तर लग्न तिथेच मोडणार. हे जाणून त्यांनी वाटभर एक गोड, नम्र वाक्य घोकलं होतं, असं त्यांनीच पुढे आम्हाला सांगितलं.

पण समोर आईची रिकामी, लखलखीत रांग दिसली आणि घोकलेलं सगळं विसरलं. पायघड्या, परात, मान, सगळं ओलांडून विहीणबाईंनी केबिनमधून खाली उडीच मारली आणि भर मांडवात ओरडल्या, "पाय मागून धुवा वो, आधी पिपं उतरवा, सांडायलंय!"